सहलीअखेर उरलेलं परकीय चलन: एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

एकाच घरातले पाच जण सहलीला निघाले. थोरली बहीण (तिला सगळे ताईच म्हणतात), तिचे यजमान (पुढे ज्यांना भावोजी म्हटलं आहे ते), धाकटी बहीण, तिचा नवरा आणि या बहिणींचे काका. आधी एडिंबरा आणि लंडन, मग स्वित्झर्लंडमध्ये झुरिक-लुसर्न, तिथून स्पेनमध्ये सेव्हिल. तिथल्याच तारिफाच्या बंदरातून बोटीने मोरोक्कोत टँजिअर, पुढे फेज आणि माराकेश. परतीचं विमान कासाब्लांकाहून, फ्रँकफर्टला बदलून. ओळख पटू नये म्हणून नात्यांत आणि रकमांत थोडा फेरफार केला आहे, पण पैसा कुठे आला आणि कुठे अडला, तो क्रम जसाच्या तसा ठेवला आहे.

मोठे खर्च कार्डावर करायचे आणि बारीकसारीक खर्चासाठी प्रत्येक देशात सर्वांनी कॉन्ट्री (वर्गणी) काढायची, असं ठरलं होतं. खजिनदार ताई. प्रत्येक चलनाची वेगळी पिशवी, प्रत्येक पिशवीत हिशेबाची चिठ्ठी. म्हणजे इथे गाठ पडली ती गलथानपणामुळे नाही. व्यवस्थित हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्याही हातात शेवटी पैसे कसे अडकतात, म्हणून तर हे प्रकरण मांडावंसं वाटलं.

रोकड साचत गेली कशी

सुरुवात एडिंबराच्या विमानतळावर झाली. उतरल्या उतरल्या एटीएममधून 300 पौंड काढले. मशीनमधून आल्या त्या स्कॉटलंडमधल्या बँकांनी छापलेल्या नोटा. तिथे बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल बँक यांना स्वतःच्या नोटा काढण्याचा अधिकार आहे. किंमत पौंडाइतकीच, आणि स्कॉटलंडमध्ये कुणी दुसऱ्यांदा बघतही नाही. लंडनमध्येही बहुतेक दुकानदार घेतात, पण घेतलीच पाहिजे असं बंधन त्यांच्यावर नाही. ब्रिटनबाहेर मात्र चलन बदलून देणारे या नोटांना सहसा हात लावत नाहीत.

लंडनमध्ये रोख पैशांची गरजच पडेना. तिथल्या बसमध्ये तर जुलै 2014 पासून रोख भाडं घेतच नाहीत. शहरातले दिवस कार्ड टेकवण्यातच गेले आणि स्कॉटिश वीस-वीसच्या तीन नोटा पिशवीत तशाच राहिल्या. त्यात काकांनी स्वतःची भर घातली. एका परिचिताने निघताना "तिकडे उपयोगी पडतील" म्हणून त्यांना वीस पौंडांच्या दोन कागदी नोटा दिल्या होत्या. दुकानदाराने त्या परत केल्या, तेव्हा कळलं की वीस आणि पन्नासच्या कागदी नोटांचा व्यवहार 30 सप्टेंबर 2022 नंतर बंद झाला आहे आणि आता प्लास्टिकच्याच चालतात. बँक ऑफ इंग्लंड जुन्या नोटा बदलून देते आणि त्याला मुदतही नाही. पण हे समजलं तो शनिवार होता आणि रविवारी सकाळी विमान.

पहिला निर्णयबिंदू इथेच होता, आणि तो कुणाच्या लक्षात आला नाही. लंडन सोडण्याआधी हॉटेलच्या काउंटरवर त्या तीन स्कॉटिश नोटा देऊन इंग्लिश नोटा मागता आल्या असत्या. नाहीतर हॉटेलच्या बिलातले साठ पौंड रोख भरता आले असते. त्या क्षणी त्या नोटा म्हणजे नुसते 'पौंड' वाटत होते, त्यामुळे हा विचार आलाच नाही. झुरिकला चलन बदलणाऱ्या काउंटरने त्या बाजूला सारल्यावर मग त्यांचं वेगळेपण उघड झालं.

स्वित्झर्लंडमध्ये वेगळंच घडलं. धाकटीच्या नवऱ्याने लुसर्नच्या एका दुकानात पन्नास युरोची नोट पुढे केली. तिथली बरीच दुकानं युरो घेतात, पण मोड देतात फ्रँकमध्ये आणि दर लावतात आपला. चॉकलेटं आली, सोबत फ्रँकही आले. ताईंनी आधीच काढलेले फ्रँक होतेच. निघायच्या दिवशी पिशवीत वीसच्या दोन नोटा आणि 25 फ्रँकची नाणी. स्विस नाण्यांना चिल्लर म्हणून झटकून चालत नाही. सगळ्यात लहान नोट दहाची, त्याखालची सगळी रक्कम नाण्यांत, आणि सगळ्यात मोठं नाणं पाच फ्रँकचं. अशी तीन नाणी खिशात राहिली तर एका माणसाचं साधं जेवण खिशात राहिलं.

इथे ताईंनी केलेली गोष्ट या सहलीतली सगळ्यात शहाणपणाची होती. झुरिकच्या मुख्य स्थानकावरून विमानतळापर्यंतची पाच तिकिटं काढताना त्यांनी कार्ड बाजूला ठेवलं आणि आधी सगळी नाणी तिकीट-मशीनमध्ये टाकली. मशीन ना कंटाळत, ना मागे रांग लागली म्हणून माणसासारखं वैतागत. भाड्यातले उरलेले थोडे फ्रँक कार्डावर. नोटा तेवढ्या ठेवल्या. फ्रँकची नोट जवळपास कुठेही मोडता येते, हा त्यांचा हिशेब बरोबर होता.

स्पेनमध्ये ही शिस्त मोडली. तारिफाला बोट पकडायच्या घाईत 31 युरोंची खुळखुळणारी नाणी तशीच पुढे गेली. भावोजी म्हणाले, "असू देत, मोरोक्कोत टिप द्यायला होतील." ते कसं अंगलट आलं, ते फेजला कळलं. सामान उचलणाऱ्या एका माणसाने टिप घेतली आणि खिशातून मूठभर युरो नाणी काढून काकांपुढे धरली: ही घ्या आणि मला नोट द्या. पर्यटकांनी टिप म्हणून दिलेली नाणी त्याच्याकडे साठली होती आणि तिथली कुठलीही बँक नाणी बदलून देत नव्हती. काकांना दया आली, त्यांनी दहाची नोट दिली आणि दहा युरोची नाणी घेतली. पिशवी जड झाली. माझ्या मते परक्या नाण्यांत टिप देणं म्हणजे आपली अडचण आपल्याहून गरीब माणसाच्या गळ्यात बांधणं. देणाऱ्याला उदार वाटतं, घेणाऱ्याला नोट देणारा दुसरा पर्यटक शोधत बसावं लागतं.

आणि मग माराकेश. तिथल्या रियाधमध्ये, म्हणजे जुन्या वाड्याच्या अतिथीगृहात, पैसे रोखच घेतात असं कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून ताई आणि काका या दोघांच्या कार्डांवर मिळून 4,000 दिरहॅम काढले. एटीएमने "तुमच्या देशाच्या चलनात हिशेब करू का?" असं विचारलं, त्याला नकार दिला. ते योग्यच केलं, कारण अशा वेळी दर मशीनवाल्याचा लागतो आणि तो सहसा महाग असतो. पण पुढचा प्रश्न होता "पावती हवी का?" ताईंनी हो म्हटलं, काकांनी कागद कशाला वाया घालवायचा म्हणून नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी समजलं की रियाधवाला कार्डही घेतो.

शेवटची रात्र

माराकेशमधल्या शेवटच्या संध्याकाळी ताईंनी सगळ्या पिशव्या पलंगावर ओतल्या. 2,600 दिरहॅम. युरोच्या नोटा 110 आणि नाणी 41. फ्रँकच्या दोन नोटा. स्कॉटिश साठ पौंड, बंद झालेल्या कागदी नोटांचे चाळीस, दहाची एक चालणारी इंग्लिश नोट आणि किरकोळ नाणी. सगळं मिळून साधारण साडेपाचशे युरोंचा ऐवज, आणि त्यातला जवळजवळ निम्मा अशा चलनात जे देशाबाहेर फारसं कुणी घेत नाही. मोरोक्कोचा दिरहॅम हे बंदिस्त चलन आहे. बाहेर न्यायला परवानगी आहे ती 2,000 दिरहॅमपर्यंत, आणि नेले तरी ते बदलून देणारा शोधावा लागतो. निघताना परत युरो हवे असतील तर ते दिरहॅम बँकेतून किंवा एटीएममधून घेतल्याची पावती मागतात.

कोणकोणते मार्ग बोलले गेले

भावोजींचं मत सरळ होतं: उद्या विमानतळावर एका काउंटरला सगळं द्यायचं, जे मिळेल ते घ्यायचं. त्रास कमी, पण त्या काउंटरला स्कॉटिश नोटा चालणार नव्हत्या, नाणी कुणाचीच चालणार नव्हती आणि दिरहॅमसाठी पावती एकच होती. शिवाय पौंड, फ्रँक तिथे दिले असते तर नको असलेल्या चलनातून दुसऱ्या नको असलेल्या चलनात जाणं झालं असतं. चलन प्रत्येक वेळी बदलताना खरेदी आणि विक्रीच्या दरांतला फरक खिशातून जातो. दोनदा बदललं तर दोनदा जातो.

धाकटीला बाजारात जायचं होतं. "ताई, दिवे घेऊया ना पितळेचे, पैसे तरी संपतील!" हा विचार प्रवासाच्या शेवटी प्रत्येकाच्या मनात येतो आणि मला तो सगळ्यात महागडा वाटतो. काउंटरवर शंभरातले सहा-सात, फार तर दहा-बारा जातात. नको असलेली वस्तू घेतली तर शंभरातले शंभर जातात आणि वर सामानाचं वजन. दिवा मनापासून हवा असेल तर गोष्ट वेगळी. मग तो पहिल्या दिवशीच घ्यावा, तेव्हा घासाघीस करायला वेळही असतो.

काकांचं म्हणणं: ठेवून द्या, पुढच्या वेळी कामी येईल. हे काही नोटांना लागू होतं, काहींना नाही. त्यावर पुढे बोलतो.

चौथा विचार ताईंचा, आणि या प्रकरणाचा गाभा तोच आहे. त्यांनी ढीग केले ते किमतीप्रमाणे नाही, तर कुठला पैसा कुठे पोचल्यावर निरुपयोगी होतो त्याप्रमाणे. दिरहॅम उद्या पासपोर्ट तपासणी ओलांडली की संपले. युरोची नाणी अजून संपलेली नव्हती, कारण वाटेत फ्रँकफर्ट होतं. युरो आणि फ्रँकच्या नोटा घरी पोचल्यावरही चालणार होत्या. स्कॉटिश आणि जुन्या नोटा ब्रिटनखेरीज कुठेच नाही, म्हणून त्यांच्यासाठी आज धडपड करण्यात अर्थ नव्हता. एवढी वाटणी झाल्यावर त्या रात्री सोडवायचा प्रश्न एकच उरला, दिरहॅमचा.

काय केलं

रियाधचं शेवटच्या दोन रात्रींचं बिल आणि पर्यटक-कर भरायचा बाकी होता. ताई खाली गेल्या आणि विचारलं, "थोडे रोख, थोडे कार्डावर चालतील का?" मालकाला रोख हवेच होते. त्याने 1,900 दिरहॅम मोजून घेतले, बाकी कार्डावर. पाच मिनिटांचं काम. दर नाही, कमिशन नाही, पावतीची अट नाही. जो खर्च कसाही होणारच आहे, त्यात उरलेली रोकड जिरवणं, यासारखा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही. मात्र बिल भरून झालेलं नसावं लागतं. यांचं योगायोगाने बाकी होतं.

उरलेल्या 700 पैकी रात्रीचं जेवण, सकाळची टॅक्सी आणि कासाब्लांकात विमानतळापर्यंतची गाडी यांत 320 गेले. टिप या वेळी दिरहॅममध्येच दिली.

विमानतळावर 380 दिरहॅम आणि ताईंची एक पावती काउंटरवर ठेवली. काउंटरवाला फक्त नोटा देतो, नाणी देत नाही, म्हणून रक्कम पूर्ण बदलली जात नाही. त्याने तीस युरो दिले, त्याचे 344 दिरहॅम घेतले आणि 36 परत केले. म्हणजे एका युरोला जवळपास साडेअकरा दिरहॅम पडले. त्या दिवशीचा बाजारभाव पावणेअकराच्या आसपास होता. शंभरातले सहा-सात गेले, पण एवढ्या लहान रकमेवर ते दोनच युरोंच्या आसपास होते. राहिलेल्या 36 चं पाणी आणि बिस्किटं घेतली, आणि ती पासपोर्ट तपासणीच्या अलीकडे घेतली. हे 'अलीकडे' महत्त्वाचं. पलीकडच्या दुकानांत भाव युरोत लावलेले होते.

काकांची पावती नव्हती, ते इथे बाधलं नाही, कारण रक्कम लहान उरली होती. आदल्या रात्री रियाधच्या मालकाने रोख घेतले नसते, तर त्या न घेतलेल्या कागदाच्या चिटोऱ्याची किंमत मोजावी लागली असती.

फ्रँकफर्टला थांबा मोठा होता. जेवायला बसण्याआधी ताईंनी विचारून घेतलं की नाणी चालतील का. युरो क्षेत्रातल्या नियमाप्रमाणे एका व्यवहारात पन्नासपेक्षा जास्त नाणी घ्यायला विक्रेता बांधील नसतो. त्यांनी दोन युरो, एक युरो आणि पन्नास सेंटची नाणी वेचून, ढीग लावून 37 युरो दिले, बाकी कार्डावर. नाण्याची एक बाजू स्पेनची असो वा फ्रान्सची, युरो वापरणाऱ्या सगळ्या देशांत ते सारखंच चालतं. राहिलेली तांबडी नाणी, सुमारे चार युरोंची, दानपेटीत गेली. काही विमान कंपन्या विमानातच पाकिटं फिरवून युनिसेफसाठी अशी चिल्लर गोळा करतात. तो उपक्रम 1987 पासून चालू आहे. नाण्यांसाठी हा चांगला शेवट आहे, पण चाळीस युरो पेटीत टाकायची वेळ येणं म्हणजे दान नाही, नाइलाज.

निकाल

घरी आले ते 140 युरो आणि 40 फ्रँक, सगळं नोटांत. स्थानिक परवानाधारक चलन-विक्रेत्याने दोन्ही घेण्याची तयारी दाखवली. काकांचा आग्रह ठेवण्याचा होता, आणि कुटुंबातलं कुणीतरी पुढच्या वर्षी युरो क्षेत्रात जाणार असल्याने युरो ठेवले, फ्रँक विकले. एका ओळखीच्या माणसाने "मलाच द्या, मधला दर धरू" असं सुचवलं होतं. दोघांचाही फायदा दिसतो खरा, पण अनेक देशांत परवाना नसलेल्यांनी आपसांत चलन बदलणं नियमात बसत नाही, आणि परतल्यावर परकीय नोटा किती आणि किती दिवस जवळ ठेवता येतात यालाही मर्यादा असते. ताईंनी नकार दिला.

इंग्लिश-स्कॉटिश पौंडांना घरच्या विक्रेत्याने फक्त दहाच्या एका इंग्लिश नोटेपुरता होकार दिला. बाकीचे शंभर पौंड भाच्याकडे पाठवायचे ठरले. तो ब्रिटनमध्ये शिकतो, त्याचं तिथे बँक खातं आहे. स्कॉटिश नोटा त्याच्या खात्यात भरल्या गेल्या. कागदी वीसच्या दोन नोटा बँक ऑफ इंग्लंडकडून बदलून घ्यायला त्याला सुट्टीचा दिवस चालत नाही आणि कामाच्या दिवशी वेळ मिळत नाही, म्हणून त्या अजून त्याच्या टेबलाच्या खणात आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

शेवटच्या रात्रीचे निर्णय चांगले होते, चुकले ते त्याआधीचे. 4,000 दिरहॅम काढायच्या आधी रियाधला एक फोन केला असता तर 2,000 पुरले असते, आणि एका एटीएम-व्यवहाराचं शुल्क वाचलं असतं. बदलण्यात गेलेल्या दोन युरोंपेक्षा ते शुल्क जास्त होतं. तीच गोष्ट एडिंबराच्या 300 पौंडांची. कार्ड किती चालतं याचा एक दिवस अंदाज घेऊन मग पैसे काढले असते तर स्कॉटिश नोटांचा प्रश्नच आला नसता.

देश सोडण्याच्या आदल्या दिवशी पिशवी पाहायची, हे ताईंनी झुरिकला केलं आणि तारिफाला केलं नाही. दिरहॅमसारख्या बंदिस्त चलनाबाबत तर दोन दिवस आधी पाहावं आणि राहण्याच्या बिलातला काही भाग मुद्दाम बाकी ठेवावा. ट्युनिशियाला गेले असते तर आणखी कडक: तिथला दिनार देशाबाहेर न्यायलाच मनाई आहे. अशा देशांत एटीएमची प्रत्येक पावती पासपोर्टासोबत ठेवावी.

काकांच्या 'ठेवून द्या' बद्दल. नोटा ठेवताना त्यांचं आयुष्य बघावं लागतं. स्वित्झर्लंडने आठव्या मालिकेच्या नोटा 30 एप्रिल 2021 ला मागे घेतल्या, पण तिथली मध्यवर्ती बँक त्या कायम बदलून देते. डेन्मार्कची हजार क्रोनची नोट 31 मे 2025 नंतर बाद झाली. क्रोएशियाने 1 जानेवारी 2023 ला युरो घेतला. तिथल्या मध्यवर्ती बँकेत कुनाच्या नोटा आजही बदलतात, नाण्यांची मुदत मात्र 2025 च्या डिसेंबरअखेर संपली. युरोच्या नोटांचं तसं नाही: 2002 मध्ये आलेल्या पहिल्या मालिकेच्या नोटाही चालतात, आणि नवी छपाई बंद झालेली पाचशेची नोटही वैध आहे. म्हणून युरो ठेवण्याला माझा विरोध नाही. प्रत्येक चलनाचं मूठभर ठेवणाऱ्या खणाला आहे.

एक गोष्ट या कुटुंबाने आधी ठरवली नव्हती आणि त्यावरून थोडी कुरबूर झाली: कॉन्ट्रीतून उरलेला पैसा कुणाचा? युरो ठेवले म्हणजे चौघांचा वाटा पुढच्या वर्षी जाणाऱ्या एकाच्या खिशात. शेवटी फ्रँक विकल्याच्या दिवसाच्या दराने युरोची किंमत काढली, ती पाच जणांत वाटली आणि नोटा ज्याला हव्या होत्या त्याने इतरांचे वाटे चुकते केले. काकांच्या कागदी नोटा कॉन्ट्रीतल्या नव्हत्याच, म्हणून त्या या हिशेबातून वगळल्या. स्कॉटिश साठ पौंड भाच्याला शिक्षणासाठी दिले असं धरायचं, यावर मात्र कुणाचं दुमत झालं नाही.